मला उपास चालत नाही

ज्यांच्या घरी कडक उपास पाळले जातात, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. डॉक्टर मंडळींसाठी यात काहीच नाही, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मी सुनंदा. माहेर अल्लीपूरचं, शेतकऱ्याचं. सासर वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्तीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा विलास सरकारी कचेरीत आहे. घराचे कर्ते मात्र माझे सासरे होते, त्यांना सगळेच बाबा म्हणायचे. बाबा तरुणपणी रोहण्याहून इकडे आले, खादीच्या कामात पडले आणि इथलेच होऊन गेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

आमच्या घरी स्वयंपाकात मीठ पडत नसे. बाबांचा अस्वादाचा नियम होता: अन्न औषधासारखं घ्यायचं, चवीसाठी नाही. ज्याला सोसवत नाही त्यानं ताटात वरून घ्यावं, एवढी मोकळीक होती. नवी नवरी म्हणून पहिला घास तोंडात घातला आणि मला रडूच कोसळलं. अल्लीपूरला ठेच्याशिवाय आमचं पान हलत नाही. पण माणसाला सगळ्याची सवय होते, मलाही झाली. शुक्रवारी घरात उपास असायचा, आणि तो साबुदाण्याचा लाडिक उपास नव्हे, निव्वळ पाण्याचा. मी तोही करू लागले. बाबांनी कधी जबरदस्ती केली नाही. ते स्वतः करायचे आणि आपल्याकडे नुसतं बघायचे, तेवढं पुरायचं.

जीभ

आजार कधी सुरू झाला ते मला सांगता येत नाही. एक दिवस असा नव्हताच. आधी थकवा आला. शाळेच्या जिन्यावर मध्येच थांबायला लागायचं. परिपाठाला उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि मी फळ्याचा आधार घ्यायची. अंगावरचे ब्लाउज सैल झाले. बरोबरच्या बाई म्हणायच्या, "काय मॅडम, डाएट करून राह्यल्या का?" मी हसायची. बारीक झाल्याचं कोणत्या बाईला वाईट वाटतं?

मग रंग बदलू लागला. बोटांची पेरं, कोपरं, मानेमागचा भाग, सगळं काळपट. तळहातावरच्या रेषा तर शाईनं ओढल्यासारख्या दिसायच्या, खडूचे हात धुतले तरी तशाच. माहेरी गेले तेव्हा माझी माय दारातच म्हणाली, "काळी काऊन पडली व अशी? उन्हात काम करून राह्यली का?" तिनं बेसन-हळद लावून मला घासून काढलं. उपयोग शून्य.

आणि मीठ. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलं नव्हतं. मला मिठाची अशी भूक लागायची की शाळेत शिकवताना लक्ष घरच्या मिठाच्या डब्यात असायचं. लोणच्याचा खार मी चमच्यानं प्यायची. पुढं पुढं नुसतं मीठ तळहातावर घेऊन चाटू लागले. चोरून, अर्थात. या घरात मीठ चाटणं म्हणजे दारू पिण्यासारखंच होतं.

एकदा बाबांनी पाहिलं. मी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होते, ते पाणी घ्यायला आले. रागावले नाहीत. त्यांच्या तोंडावर दुःख होतं, आणि त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बेटा, जिभेनं तुझा ताबा घेतला," ते म्हणाले. "म्हणून तब्येत ढासळून राह्यली. आधी हे सोडवू आपण."

मला ते पटलं. जवळच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, रक्तदाब कमी आहे म्हणजे चांगलंच आहे असं हसून सांगितलं होतं. त्या गोळ्यांनी काही फरक पडला नव्हता. बाबांनी मात्र विलासचा जुना खरजेचा त्रास माती-पाण्यानं घालवला होता, शेजारच्या दोघातिघांचे दमे आटोक्यात आणले होते. लोक त्यांच्याकडे विश्वासानं यायचे. मग सुनेनं विश्वास का ठेवू नये?

बिनमिठाची दिवाळी

शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा माझी शुद्धी सुरू झाली. वरून घ्यायचं मीठही बंद. सकाळी दुधीचा रस, दुपारी उकडलेली पालेभाजी, संध्याकाळी बिनमिठाचं ताक. पोटावर ओल्या मातीची पट्टी आणि दिवसाआड एनिमा. बाबा सगळं स्वतः मन लावून करायचे. माती चाळून, उन्हात वाळवून, भिजवून ठेवायचे. म्हाताऱ्या माणसानं आपल्यासाठी एवढं करावं, यानं मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

मला उलट्या सुरू झाल्या. बाबा म्हणाले, "विकार बाहेर पडून राह्यला. पडू दे." मग पोटात दुखू लागलं, तेव्हाही ते हेच म्हणाले. उठून बसलं की घर फिरायचं. अंगाला घाम, हाताला कापरं, आणि डोक्यात असा धुरळा की स्वयंपाकघरात आल्यावर कशाला आले तेच आठवू नये. विलास दारात उभा राहायचा. त्याची अडचण मला कळायची. बापापुढं तो कधी मोठ्यानं बोललेला नव्हता.

"बाबा, दवाखान्यात दाखवू का एखाद वेळ?" त्यानं विचारलं.

"अजून थोडे दिवस जाऊ दे. मध्येच सोडलं तर सगळं वाया जाईन."

शेजारच्या घरून फराळाचं ताट आलं. सगळे बाहेर असताना मी त्यातला चिवडा मूठभर खाल्ला आणि ताटलीचं मीठ बोटानं पुसून चाटलं. थोड्या वेळानं मला चक्क बरं वाटलं. डोकं उघडलं, मी उठून अंगणात जाऊन बसले. आज मला कळतं की माझं शरीर त्या दिवशी स्वच्छ शब्दांत आपला आजार सांगत होतं. त्या दिवशी मात्र मी तुळशीपुढं हात जोडून क्षमा मागितली आणि प्रायश्चित्त म्हणून येणारा शुक्रवार नुसत्या पाण्यावर काढायचं ठरवलं.

तो शुक्रवार मी पाळला.

निदानाचा दिवस

शनिवारी सकाळी विलास मला हाका मारत होता. त्या मला ऐकू येत होत्या, पण त्या कुठल्या तरी दुसऱ्याच बाईला आहेत असं वाटत होतं. तो सांगतो की मी डोळे उघडे ठेवून पडले होते आणि त्याला ओळखत नव्हते. मध्येच मी पाढे म्हणू लागले. त्यानं बाबांना विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मला उचललं, समोरच्या ऑटोवाल्याला हाक मारली आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

तिथलं मला तुटक तुटक आठवतं. पंखा आठवतो. बोटाला सुई टोचल्याचं आठवतं. कोणीतरी मोठ्यानं साखरेचा आकडा सांगितला आणि एकदम धावपळ झाली. हातातून ग्लुकोज गेलं आणि माणसं पुन्हा माणसांसारखी दिसू लागली. विलास भिंतीला टेकून उभा होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

पण साखर टिकेना. चढायची आणि परत खाली यायची. रक्तदाबही वर येत नव्हता. मग एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी माझा हात उलटा करून तळव्याच्या रेषा पाहिल्या, ओठ बाजूला करून हिरड्या पाहिल्या.

"हिरड्या पहिल्यापासून अशा काळ्या आहेत का?"

मला माहीत नव्हतं. आपल्या हिरड्या कोण बघतं?

"बरं, एक सांगा. मीठ खावंसं वाटतं का खूप?"

मी रडायलाच लागले. जिभेचा दोष म्हणून नव्हे, साधा प्रश्न म्हणून हे मला पहिल्यांदा कोणी विचारत होतं. मी मान हलवली. त्या विलासकडे वळल्या, "शेवटचं जेवण कधी झालं यांचं?" विलासनं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. त्याचा चेहरा तेवढा पाहिला.  मॅडमनी आधी तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि मग रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं.

त्या इंजेक्शनानंतर मी झोपले, जागी झाले, आणि मला भूक लागली होती. साधी, सरळ, वरण-भाताची भूक. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती.

वॉर्डात

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. आजाराचं नाव ॲडिसन. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते, ॲड्रिनल म्हणतात तिला. माझ्या दोन्ही ग्रंथी निकामी झाल्या होत्या. बहुतेक माझ्याच शरीरानं त्यांना परकं समजून संपवलं होतं. का, ते सांगता येत नाही.

"पण साखरेचा आणि त्याचा काय संबंध?" विलासनं विचारलं. "हिले डायबिटीस तर नाई."

त्या म्हणाल्या, "आपण जेवतो ते सगळं लगेच खर्च होत नाही. त्यातली काही साखर यकृत बाजूला काढून ठेवतं, कणगीत धान्य ठेवतो तशी. दोन जेवणांच्या मध्ये, झोपेत, उपासाच्या दिवशी शरीर त्यातूनच खातं. कणगी भरायला आणि ती रिकामी झाली की दुसऱ्या मालापासून नवी साखर बनवायला या ग्रंथींचा रस लागतो. यांच्याकडे तो रसच नाही. तुम्ही आम्ही एक दिवस उपाशी राहिलो तर चिडचिड होते. या राहिल्या तर मरतात."

मीठसुद्धा त्याच ग्रंथी शरीरात धरून ठेवतात. ते माझ्या लघवीवाटे वाहून चाललं होतं आणि मी घरात चोरासारखी चाटून भरून काढत होते.

इतकं साधं होतं सगळं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी चटोर नव्हते, आजारी होते. आणि मग राग आला. 

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. सकाळी झाडू, मग रक्त, मग राऊंड, मग भेटायला येणाऱ्यांची गर्दी, मग डबे. माझ्या शेजारच्या खाटेवर देवळीकडची एक बाई होती, पोटात पाणी झालेलं. तिला मीठ बंद होतं आणि मला भरपूर खायला सांगितलेलं. तिच्या डब्यातलं लोणचं ती उचलून माझ्या ताटात टाकायची. "खा व बाई, तूच खा माह्या वाटचं," म्हणायची आणि मी खाताना टक लावून बघायची. माझी सुट्टी झाली त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. तिची खाट धुऊन लगेच दुसऱ्या बाईला दिली. ते लोणचं मी कधी विसरणार नाही.

माय अल्लीपूरहून आली ती तरातराच आली. नेमके तेव्हाच बाबा खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते. पांढरी टोपी मांडीवर, हातात माझ्यासाठी आणलेली मोसंबी. मायनं त्यांच्यापुढं उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशीही ढळला नाही, पण तोंड उघडलं.

"माह्या पोरीले उपाशी मारलं तुमी," ती म्हणाली. "दुश्मन बी खायले देते, येवाईबुवा."

 विलासनं खाली पाहिलं. बाबा मोसंबी हातात फिरवत राहिले.

"मी स्वतः जे केलं, तेच तिले दिलं," ते म्हणाले. "दुसरं काई मायाजवळ नव्हतंच."

ते खरं होतं. आणि खरं असूनही मला ते पुरेसं वाटलं नाही. मला त्यांच्या तोंडून 'चुकलं' एवढाच शब्द हवा होता. तो त्यांनी तिथं उच्चारला नाही आणि नंतरही कधी नाही.

घरी आल्यावर

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी आणि संध्याकाळच्या आत. गोळी स्टेरॉईडची म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. हाडं ठिसूळ होतील, तोंड सुजेल, सवय लागेल. मला आता तोंडपाठ झालेलं उत्तर असं: जे शरीरानं बनवायचं ते बनत नाही म्हणून बाहेरून घेते आहे, जास्तीचं नाही. हे वाचणाऱ्या कोणाला हा आजार असेल तर ऐका. गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. ताप आला, अपघात झाला, मनाला मोठा धक्का बसला, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवा आणि खा. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. पर्समध्ये चिठ्ठी ठेवा, कोणता आजार आहे ती. लाजू नका. मी लाजत होते, म्हणून मरत होते.

भीती जात नाही. कोणी सांगत असेल की जाते, तर त्याला ती कधी वाटलेली नाही. बस बंद पडली, सभा लांबली, कोणाच्या लग्नात पंगत उशिरा बसली, की माझं लक्ष पर्समधल्या गूळ-शेंगदाण्याच्या पुडीकडे जातं. डोळे मिटताना रोज मनात येतं की सकाळी विलासनं हाक मारली आणि मला ती पुन्हा दुसऱ्याच बाईची वाटली तर?

विलास बदलला, पण वेडावाकडा बदलला. घरात मीठ घालून भाजी होऊ लागली, ती त्याच्याच हट्टानं. बाबांची भाजी वेगळी काढायची. मला मात्र तो सारखा विचारायचा, खाल्लं का, घेतली का गोळी, किती वाजता घेतली. शाळेत फोन करायचा. एकदा मी ओरडले, "त्या दिवाळीत विचारलं असतं तर बरं झालं असतं." तो उठून बाहेर गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो, पुष्कळ दिवस. आजार मला झाला होता, पण घरातला प्रत्येक जण त्यात आपापल्या जागी अडकला होता.

बाबा आता आमच्याबरोबर जेवायला बसत नसत. आपलं ताट खोलीत नेत. मी गोळी घेताना ते बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "किती दिवस घ्यायच्या ह्या?"

"मरेपर्यंत, बाबा."

"म्हणजे गोळी नसली तर तू नाई. याले गुलामी म्हणते, बेटा."

"मी जिवंत आहे, बाबा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सासऱ्यांशी त्या सुरात मी कधी बोलले नव्हते.  ते चरख्याकडे वळले आणि कापसाचा पेळू जोडू लागले, पण सूत सारखं तुटत होतं. मला त्यांची दया आली. रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात असू शकतात हे मला तेव्हा कळलं.

बाबांचा उपास

यंदाच्या उन्हाळ्यात बाबांनी अन्न सोडलं. आजार असा काही नव्हता, वय होतं. आधी भाकरी सोडली, मग फळं, मग नुसतं पाणी. विलासनं डॉक्टरांना घरी आणलं. ते म्हणाले, दवाखान्यात न्या, नळीनं देता येईल. बाबांनी हात जोडून नको म्हटलं.

त्यांच्या उशाशी मीच असायची. मी त्यांना पेज भरवायचा प्रयत्न करायची, ते ओठ मिटून घ्यायचे. किती जड गेलं ते मला सांगता येत नाही. उपासानं माझं काय केलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि आता तोच उपास माझ्या समोर दुसऱ्या एका शरीरात हळूहळू चालला होता. फरक इतकाच की हे त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. त्यांच्या यकृतातला साठा किती दिवस पुरला असेल याचा मी हिशेब करायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून पेज परत स्वयंपाकघरात न्यायची.

एकदा त्यांनी डोळे उघडले. "तू जेवली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं होतं.

मयतीच्या दिवशी

ते सकाळी गेले. मी तोंडात गंगाजळ घातलं, विलासनं तुळशीपत्र ठेवलं. खूप रडलो आम्ही. वस्ती गोळा झाली. बाबांनी ज्यांना माती-पाणी दिलं होतं ती माणसं रांगेनं पाया पडून गेली. धाकटे दीर बबन बंगळूरहून निघाले होते. ते येईपर्यंत न्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे संध्याकाळ होणार. बर्फाच्या लाद्या आल्या.

मयत घरातून जाईपर्यंत चूल पेटत नाही, कोणी खात नाही. सगळीकडेच असतं. आमच्या घरी तर बाबा गेलेले, म्हणजे पाण्याचा घोटही लोक ओशाळून घेत होते. माझी नणंद कुसुमताई आर्वीहून पोचली आणि बाबांच्या पायांवर पडून रडली. मग उठून तिनं बायकांची व्यवस्था हातात घेतली.

मी सकाळची गोळी घेतली होती. विलासनं वाढीव डोसही आठवणीनं दिला होता. पण पोटात काल रात्रीच्या जेवणानंतर काही नव्हतं. दुपार चढली तसं मला कळायला लागलं. आधी हाताला कापरं, मग कपाळावर गार घाम. बायका काय बोलत आहेत ते एकेका शब्दानं मागं पडून समजत होतं. पर्समधला गूळ मी पदराआड तोंडात टाकला. तो विरघळला आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मी उठले, भिंतीला धरून पडवीत गेले आणि विलासला बाजूला बोलावलं. त्याला अग्नी द्यायचा होता. गर्दीत तो उघड्या अंगानं बसला होता.

"अहो, मला जेवावंच लागेल. नुसत्या गुळानं भागत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आत बाबांकडे पाहिलं. त्याचा चेहरा अगदी त्या दिवाळीसारखा होता.

"थोडं थांबता नाई येत का?" तो हळूच म्हणाला. "लोक बसले आहे. बबन येऊनच राह्यला. बुटीबोरीपर्यंत आला तो."

मी त्याला दोष दिला नाही. त्याचा बाप समोर बर्फावर होता. पण माझ्या अंगातली शक्ती निघून चालली होती आणि ती कोणाच्या लाजेसाठी थांबणारी नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात कालच्या दोन भाकरी होत्या, वाटीत थोडं बेसन, पिठलं म्हणतात ते. चूल पेटवायची गरज नव्हती. तिथंच उभ्यानं, दाराआड खाऊन घेता आलं असतं. हात तसा गेलाही होता. मग मनात आलं की दाराआड खाल्लं तर उद्यापासून तेराव्यापर्यंत दाराआडच खावं लागेल, आणि पुढं प्रत्येक मयतीला, प्रत्येक उपासाला. एखाद्या दिवशी दाराआड पडून राहीन आणि कोणाला कळणारही नाही.

ताट घेतलं. भाकरी ठेवली, बेसन ठेवलं, वरून मीठ घेतलं. बाहेर येऊन बाबांच्या पायांशी भिंतीला टेकून बसले आणि पहिला घास तोंडात घातला. घास गिळेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ताटात पडत होतं. मी पाण्याबरोबर ढकलला आणि दुसरा घेतला.

रडण्याचे आवाज एकेक करून थांबले. कोणीतरी "अगं माय" म्हटलं. विलास पडवीतून बघत होता. तो आला नाही आणि त्यानं मला थांबवलंही नाही.

कुसुमताई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"आपला बाप मढं होऊन पडला इथं," ती म्हणाली. "एवढं मोठं माणूस. दोन घडी धीर नाई धरता येत का तुले?"

"नाई धरता येत, ताई," मी म्हणाले, आणि उरलेली भाकर बेसनात कुस्करली.